सायकल आपली, पानाही आपल्याच हाती

पंक्चर, उतरलेली चेन, सैल ब्रेक... एवढ्यातेवढ्यासाठी दुकान गाठायलाच हवे असे नाही. आठवड्यातून पंधरा मिनिटे दिली, तर घरातील सायकल कुरकुर न करता चालते आणि ती चालवणाराही सुरक्षित राहतो.

संध्याकाळचे साडेसात वाजून गेले तरी लेक घरी आली नव्हती. गणिताचा क्लास साडेसहाला सुटतो. घर तेथून अडीच किलोमीटर. सायकलने फार तर पंधरा मिनिटे. सासूबाईंच्या दारापर्यंत चकरा सुरू झाल्या होत्या. हे चपला पायात सरकवून निघणार, तोच फाटक वाजले. नववीतली आमची मुलगी सायकलचे मागचे चाक उचलून धरत, जवळजवळ फरफटत आत आली. हात कोपरापर्यंत काळे, ओढणीला ग्रीस आणि डोळ्यांत पाणी.

"चेन पडून अडकली. चाकच फिरेना," एवढेच ती म्हणाली.

जेवणाच्या ताटावरच निर्णय झाला. मामंजी म्हणाले, "अंधारात मुलीच्या जातीने रस्त्यात अडकायचं म्हणजे काय? उद्यापासून रिक्षाने जाऊ दे, नाहीतर क्लास बंद." रोजची रिक्षा आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. म्हणजे 'क्लास बंद' हाच त्याचा अर्थ. लेक काही बोलली नाही, ताटातला भात मात्र तसाच राहिला.

रात्री मला झोप लागेना. कारण एक गोष्ट मला ठाऊक होती. चेन सैल झाली आहे, सारखी पडते आहे, हे तिने त्या आठवड्यात तीन वेळा सांगितले होते आणि तिन्ही वेळा आम्ही म्हणालो होतो, "रविवारी बघू." चूक सायकलची नव्हती, मुलीची तर नव्हतीच. मग शिक्षा तिला का?

दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथले काका गेली कित्येक वर्षे पंक्चर काढत बसलेले. चेनवरून बोट फिरवून ते म्हणाले, "ताई, सायकल एकदम बिघडत नाही. आधी महिनाभर कुरकुरते. आपण ऐकत नाही."

"ऐकायला शिकवाल का?" मी विचारले. ते हसले, पण शिकवले. पुढचे चार रविवार आम्ही दोघी मायलेकी त्यांच्या दुकानापुढे बसलो. जे शिकलो ते इतके सोपे निघाले की, आजवर का नाही शिकलो याचीच लाज वाटली. तेच येथे सांगते आहे. पाना कधी हातात धरला नसेल, त्यांच्यासाठी.

आधी हत्यारे जमवा

यासाठी मोठी पेटी लागत नाही. एक हवेचा पंप, एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, टायर काढायच्या दोन चपट्या पट्ट्या, पंक्चरचे ठिगळ, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा, तेलाची छोटी कुपी आणि जुनी बनियन फाडून केलेली फडकी. एवढे सामान बिस्किटाच्या जुन्या डब्यात मावते. पाना घेताना सायकल सोबत न्या आणि तिच्या नटांना तो घट्ट बसतो ना, हे पाहूनच घ्या. ढिला पाना नटाचे कोपरे झिजवतो. मग तो नट दुकानदारालाही दाद देत नाही.

नट कोणत्या बाजूला फिरवायचा, याचा गोंधळ सुरुवातीला होतोच. बाटलीचे झाकण आठवा. उजवीकडे फिरवले की आवळते, डावीकडे फिरवले की सुटते. याला सायकलवर एक अपवाद आहे, तो म्हणजे डाव्या पायाचे पायडल. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे चालवता चालवता ते आपोआप सुटत नाही. हे माहीत नसले की माणूस पायडल सोडवतो आहे असे समजून ते आणखी आवळत बसतो. आमच्या ह्यांनी नेमके तेच केले होते!

हवा : निम्मी दुखणी येथेच

कमी हवेची सायकल जड चालते, खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटते आणि टायरच्या कडा लवकर फाटतात. टायरमध्ये हवा किती हवी, ते बहुधा टायरच्या बाजूवरच छापलेले असते. घरी मोजण्याची सोय नसेल, तर अंगठ्याने टायर जोरात दाबून पाहा. किंचित दबला, पण बोट आत रुतले नाही, तर हवा ठीक. मागच्या चाकावर वजन अधिक असते, म्हणून तेथे हवा थोडी जास्त असू द्यावी.

काही वेळा रात्री हवा भरलेली सायकल सकाळी बसलेली असते आणि आपण 'पंक्चर झाली' म्हणून मोकळे होतो. थांबा. आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते. तिला व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतात. हीच नळी हवा आत जाऊ देते आणि परत येऊ देत नाही. ती उन्हाने, वयाने तडकते. तपासायची रीत सोपी आहे. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब लावा. बुडबुडा आला, तर दोष त्या नळीचा. व्हॉल्व्हची टोपी काढायची, आतली पिन ओढून काढायची, जुनी नळी काढून नवी चढवायची आणि परत बसवायची. दोन मिनिटांचे काम. तशा दोन नळ्या डब्यात नेहमी ठेवा.

ब्रेक : येथे 'रविवारी बघू' चालणार नाही

बाकी सगळे एकवेळ पुढे ढकला, ब्रेक नाही. दर आठवड्याला एक चाचणी करा. सायकल हाताने पुढे ढकला आणि आधी फक्त पुढचा, मग फक्त मागचा ब्रेक दाबा. ते ते चाक जागच्या जागी थांबले पाहिजे. ब्रेकची दांडी दाबल्यावर हँडलच्या मुठीला टेकत असेल, तर ब्रेक सैल झाला आहे. पूर्ण दाबल्यावरही दांडी आणि मूठ यांच्यात दोन बोटांचे अंतर उरायला हवे.

तारेचा ब्रेक असेल, तर तार जेथे संपते तेथे एक बारीक फिरकी असते. ती थोडी थोडी फिरवून तार ताणता येते. तेवढ्याने भागले नाही, तर तार धरून ठेवणारा नट सैल करायचा, एका हाताने ब्रेकचे दोन्ही रबर रिमजवळ दाबून धरायचे, दुसऱ्याने तार ओढायची आणि नट पुन्हा घट्ट आवळायचा. येथे तिसरा हात लागतो, म्हणून हे काम दोघांनी मिळून करावे. जुन्या काळ्या सायकलींना तारेऐवजी लोखंडी सळ्यांचे ब्रेक असतात. तेथेही तत्त्व तेच. सळईचा जोड सैल करून ती हवी तेवढी सरकवायची आणि आवळायची.

मग रबर पाहा. त्यावर खाचा असतात. त्या झिजून गुळगुळीत झाल्या की रबर बदलायची वेळ आली. रबर रिमलाच टेकले पाहिजे, टायरला नव्हे. टायरला घासत राहिले, तर काही दिवसांत टायर कापला जातो.

आता माझी एक चूक कबूल करते. पहिल्या उत्साहात मी सायकलला तेल दिले ते अगदी सढळ हाताने. चेनला दिले, नटांना दिले, चाक चमकावे म्हणून तेलाचा बोळा रिमवरूनही फिरवला. सायकल काय लखलखली! मुलगी फाटकाबाहेर पडली, उतारावर तिने ब्रेक दाबले आणि सायकल थांबेचना. समोरच्या घराच्या मेंदीच्या कुंपणात घुसली म्हणून बचावली. काका मला रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "रबर रिमला घासतं म्हणून सायकल थांबते. तुम्ही घासणंच काढून टाकलंत." तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा की, रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेलाचा हातही लागता कामा नये. चुकून लागलाच, तर साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडे पुसून, घरासमोर चाचणी घेतल्याशिवाय सायकल रस्त्यावर न्यायची नाही.

पावसाळ्यात रिम ओली असते. तेव्हा ब्रेक उशिरा लागतो. म्हणून मुलांना सांगून ठेवा, पावसात वेग कमी आणि ब्रेक लवकर. उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू दाबावेत.

चेन : जिच्यामुळे हे सगळे घडले

सायकल स्टँडवर लावा आणि चेनचा खालचा भाग मधोमध बोटाने वर-खाली हलवून पाहा. साधारण एक ते दीड सेंटीमीटर हलली, तर ठीक. त्याहून जास्त लोंबत असेल, तर ती पडणार. अगदी ताठ असेल, तर पायडल जड जाणार आणि दाते झिजणार. पायडल फिरवून दोन-तीन ठिकाणी पाहा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

चेन ताणायची म्हणजे मागचे चाक किंचित मागे सरकवायचे. चाकाच्या दोन्ही बाजूंचे मोठे नट सैल करायचे, चाक मागे ओढायचे आणि ते दोन्ही बाजूंनी चौकटीच्या मधोमध आहे ना हे पाहून नट आलटून पालटून आवळायचे. एकच बाजू ओढली गेली, तर चाक तिरपे बसते आणि चौकटीला घासते. हे नट चांगले जोर लावून आवळावेत. शेवटी मागचा ब्रेक पुन्हा तपासायला विसरू नका, कारण चाक सरकले की रिमही सरकते.

रस्त्यात चेन पडली, तर काय करायचे? घाबरायचे नाही आणि जोरजोरात पायडल मारायचे नाही. आमच्या लेकीने त्या संध्याकाळी तेच केले, म्हणून चेन चाक आणि चौकट यांच्यामध्ये रुतून बसली. सायकल कडेला घ्या, स्टँडवर लावा. एखाद्या काडीने किंवा कागद गुंडाळून चेन उचला. आधी ती मागच्या लहान चक्रावर नीट बसवा. मग पुढच्या मोठ्या चक्राच्या वरच्या दातांवर जेवढी बसेल तेवढी बसवा आणि हाताने पायडल हळूच पुढे फिरवा. उरलेली चेन आपोआप चढते. बोटे मात्र चेन आणि दाते यांच्यामध्ये कधीही नकोत. ओढणी आणि पदर आधी खोचून घ्या. पूर्ण झाकणाची लेडीज सायकल असेल, तर झाकण कसे उघडते, हे घरी एकदा करून पाहा. ते अंधारात शोधत बसायची पाळी येऊ नये.

तेलाबाबतही आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. घरात असते म्हणून खोबरेल घातले जाते. पण ते थंडीत थिजते, धूळ धरते आणि चिकट होते. शिलाई मशीनचे पातळ तेलही लवकर उडून जाते, तरी काहीच नसण्यापेक्षा बरे. सायकलच्या चेनसाठी मिळणारे तेल उत्तम. आधी कोरड्या फडक्यात चेन धरून पायडल उलटे फिरवत तिची काळी घाण पुसून काढा. मग चेनच्या प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब सोडा, पायडल दहा-बारा वेळा फिरवा आणि वरचे सगळे तेल पुसून टाका. तेल हवे असते सांध्याच्या आत. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते आणि सलवारीवर डाग पाडते.

पंक्चर : एकदा केले की भीती जाते

पंक्चर काढायला चाक सायकलवरून उतरवावे लागते, असे मला वाटत होते. त्याची गरज नसते. उरलेली हवा सोडा, व्हॉल्व्हचा नट काढा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून टायरची एक कड चपट्या पट्ट्यांनी रिमबाहेर काढा. स्क्रू ड्रायव्हर येथे वापरू नका. एक पंक्चर काढता काढता दुसरे कराल. आता ट्यूब बाहेर ओढा, थोडी हवा भरा आणि पाण्याच्या घमेल्यात ती थोडी थोडी बुडवत न्या. जेथून बुडबुडे येतील, तेथे खूण करा.

ती जागा पूर्ण कोरडी करून पॉलिश पेपरने घासा, म्हणजे वरची गुळगुळीत झिलई जाईल. ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. येथेच बहुतेकांची घाई होते. ओल्या सोल्युशनवर ठिगळ कधीच धरत नाही. चार-पाच मिनिटांनी चमक जाऊन थर सुकल्यासारखा दिसू लागला की ठिगळ ठेवा आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्या.

ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून सगळीकडे हलकेच बोट फिरवा. ज्या बाभळीच्या काट्याने पंक्चर केले, तो बहुतेक वेळा तेथेच टोक वर काढून बसलेला असतो. त्याला काढले नाही, तर सगळी मेहनत वाया. मग ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा भरून ती आत बसवा, व्हॉल्व्ह छिद्रातून काढा आणि टायरची कड अंगठ्यांनी आत ढकला. ट्यूब कोठे कडेखाली चिमटली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहा आणि मगच हवा भरा. मला पहिल्या वेळी पाऊण तास लागला. लेक आता वीस मिनिटांत करते.

हे मात्र दुकानातच

आपली मर्यादा ओळखणे हाही शहाणपणाच आहे. चाक फिरताना नागमोडी दिसू लागले, म्हणजे 'आउट' आले, तर ते काढायचे काम कसबी हातांचे. जुन्या पद्धतीच्या आपल्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. त्यातील एक जास्त आवळली, तर चाक आणखी वाकडे होते. पायडलच्या मधल्या भागातून कटकट आवाज येणे, हँडल फिरवताना अडखळणे, छर्रे बदलणे ही कामेही दुकानाचीच. चौकटीला किंवा पुढच्या चिमट्याला बारीकशी जरी तडा दिसली, तरी त्या सायकलवर बसू नका. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, सायकल पूर्ण खोलून साफ करून घ्यावी. दुकानदार ज्याला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात ते हेच. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग असला, तरी आपल्याकडे त्यात तेल मिसळले आहे!

घरात लावून ठेवण्यासाठी

रोज निघताना : दोन्ही टायर दाबून पाहा, दोन्ही ब्रेक दाबून पाहा, घंटी वाजवा.

दर रविवारी : हवा भरा, ब्रेकची ढकलून चाचणी घ्या, चेनचा ताण पाहा, मागची लाल काच पुसा.

महिन्यातून एकदा : चेन पुसून तेल द्या, ब्रेकचे रबर पाहा, सीट, हँडल, कॅरिअर आणि दोन्ही चाकांचे नट आवळा.

पावसात भिजल्यावर : सायकल कोरडी पुसा, चेनला तेलाचे थेंब द्या, ओलीच कोपऱ्यात ठेवू नका.

दोन चाके आणि एक वाट

आपण हे काम 'पुरुषांचे' म्हणून बाजूला ठेवत आलो. पण सायकल मुलींना कोठवर नेते, हे या देशाने पाहिले आहे. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर खेड्यापाड्यांतील हजारो स्त्रिया सायकल चालवायला शिकल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू झाली, ती शाळा दूर म्हणून मुलींचे शिक्षण सुटू नये यासाठी. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात गावाहून शाळेत जाणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. पण मिळालेली सायकल ब्रेकच्या एका रबरासाठी किंवा एका काट्यामुळे ओसरीत गंजत पडली, तर मुलगी पुन्हा होती तेथेच. सायकल देणे हे अर्धे काम. ती चालती ठेवायला शिकवणे हे उरलेले अर्धे.

आमच्या लेकीचा क्लास बंद झाला नाही. काही महिन्यांनी एकदा तिला पुन्हा उशीर झाला. वीस मिनिटे. हात पुन्हा काळे. मामंजी दारातच उभे होते. त्यांनी विचारण्याआधीच ती म्हणाली, "मैत्रिणीची चेन पडली होती. बसवून दिली." आणि हात धुवायला आत गेली.

मामंजी त्यावर काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी सकाळी आम्ही डबा उघडून अंगणात बसलो, तेव्हा ते त्यांची जुनी काळी सायकल पडवीतून हळूहळू ढकलत घेऊन आले. नातीसमोर ती स्टँडवर लावली आणि म्हणाले,

"बाळ, हिचा मागचा ब्रेक जरा बघतेस का?"